‘पुट’ म्हणजे उभं की आडवं?

भाषांतरात नव्याने आलेल्या माणसाला अवघड शब्दांची धास्ती असते. मुरलेल्या माणसाला ती उरत नाही. ‘इलेक्ट्रोकार्डिओग्राम’ला नॉर्वेजियनमध्ये ठरलेला शब्द आहे, तो कोशात सापडतो, लिहिला की विषय संपला. वेळ खातात ते ‘फ्री’, ‘पुट’, ‘थिंक’, ‘वुड’, ‘न्यू’, ‘हिअर’ असले शब्द. इंग्रजी शिकणाऱ्या पोराला पहिल्याच वर्षी येणारे. बर्गनमध्ये माझी सगळी नोकरी याच शब्दांची उस्तवार करण्यात गेली आहे.

मी मूळची मिरजेची. लग्नानंतर नॉर्वेला आले, भाषा शिकले, परदेशी माणसांसाठी असलेली ‘बर्गन परीक्षा’ दिली आणि इथल्या एका भाषांतर कंपनीत लागले. भाषांतर आपल्या मातृभाषेत करायचं असा या धंद्याचा रिवाज आहे, आणि तो योग्यच आहे. त्यामुळे शेवटचा नॉर्वेजियन मजकूर इथले सहकारी लिहितात. माझ्याकडे त्याच्या आधीचं काम असतं. इंग्रजी फाइल आली की ती ओळीने वाचायची, कुठला शब्द दोन-तीन अर्थांनी घेता येतो ते हेरायचं, गिऱ्हाइकाला प्रश्न पाठवायचे, उत्तरं आली की शब्दसंग्रहात नोंदी करायच्या आणि कच्चा मसुदा पुढे द्यायचा. माझा मसुदा कितीही बदलला तरी चालतो. पण माझ्या नजरेतून एखादा ‘फ्री’ सुटला तर तो पुढे कुणाला सहजी दिसत नाही, कारण तोवर त्याच्या जागी व्यवस्थित नॉर्वेजियन शब्द बसलेला असतो.

मजकूर आमच्याकडे पुस्तकासारखा येत नाही, हे आधी सांगायला हवं. अ‍ॅप असो, वॉशिंग मशीन असो की रुग्णालयाची माहिती, सगळं तुकड्यांत येतं. आम्ही त्याला स्ट्रिंग म्हणतो. एका ओळीत एक स्ट्रिंग. कधी अख्खं वाक्य, कधी एकच शब्द. वर काय आहे, खाली काय आहे, हे बटण आहे की मथळा, काही कळत नाही. चांगले प्रोग्रॅमर प्रत्येक स्ट्रिंगला संदर्भाची टीप जोडतात. गेटटेक्स्ट नावाच्या पद्धतीत तर त्यासाठी वेगळी जागाच राखलेली आहे, तिथे ‘हे क्रियापद आहे’ किंवा ‘हे बोटीबद्दल आहे’ असं लिहिता येतं. बहुतेकदा ती जागा रिकामी असते. इंग्रजीत लिहिणाऱ्याला तिची गरजच जाणवत नाही.

एका फेरीबोटीच्या तिकिटांच्या अ‍ॅपचं काम आलं होतं. पश्चिम नॉर्वेत फ्योर्डमुळे, म्हणजे आतवर घुसलेल्या समुद्राच्या खाड्यांमुळे, रस्ता जागोजागी तुटतो आणि गाडी बोटीवर चढवून पलीकडे न्यावी लागते, त्यामुळे हे अ‍ॅप गावोगावच्या माणसांच्या हातात जाणार होतं. फाइलमध्ये ‘फ्री’ ही एकशब्दी स्ट्रिंग दोनदा होती. नॉर्वेजियनमध्ये पैसे पडत नाहीत ते ‘ग्राटिस’. बसायला मोकळं आहे ते ‘लेदी’. टॅक्सीवर, स्वच्छतागृहाच्या दारावर, बाकावर हाच शब्द. आणि बंधन नाही ते ‘फ्री’, उच्चार अगदी इंग्रजीसारखा. लहान मुलांच्या तिकिटाशेजारी ‘लेदी’ पडलं असतं तर मुलं रिकामी आहेत असा अर्थ झाला असता. गाड्यांच्या जागांशेजारी ‘ग्राटिस’ पडलं असतं तर माणसं पैसे न भरता बोटीवर चढली असती. दोन्ही स्ट्रिंग वरून हुबेहूब सारख्या. आमची सॉफ्टवेअरची मेमरी तर दुसऱ्या वेळी आपणहून पहिलंच भाषांतर पुढे करते. तिथे थांबून ‘हा कुठला फ्री?’ असं विचारायला माणूस लागतो.

याच शब्दाची दुसरी गोष्ट संगणकाच्या जगातली आहे. ‘फ्री सॉफ्टवेअर’ चळवळीतल्या लोकांना इंग्रजीत आयुष्यभर समजावून सांगावं लागलं की आमचा फ्री म्हणजे फुकट नव्हे, स्वातंत्र्याचा. नॉर्वेत २००१ साली शाळांसाठी ‘स्कूलेलिनुक्स’ हा प्रकल्प सुरू झाला, त्यांना भाषेनेच ती मेहनत वाचवली. फ्री म्हटलं की फ्री, ग्राटिस म्हटलं की ग्राटिस. मराठीतही ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ यांची गल्लत होत नाही.

इथे मला माझ्या मराठीचा उपयोग होतो, आणि तो किती होतो हे कामाला लागेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. इंग्रजी ओळ मी मनात आधी मराठीत म्हणून बघते. मराठीत दोन शब्द समोर आले की समजायचं, इथे काहीतरी फाटा आहे. ‘नो’ हे क्रियापद घ्या. पत्ता माहीत असतो, माणूस ओळखीचा असतो आणि पोहायला येतं. मराठी माणूस या तीन गोष्टींसाठी एक शब्द वापरूच शकत नाही. नॉर्वेजियन माणूसही नाही. माहीत असणं म्हणजे ‘वीते’, ओळखणं म्हणजे ‘शेन्ने’, आणि भाषा, पोहणं, विणकाम असं जे येतं ते ‘कुन्ने’. ‘तुला नॉर्वेजियन येतं का?’ या प्रश्नाची ठेवण दोन्ही भाषांत इतकी सारखी आहे की भाषेच्या वर्गात बाकीचे लोक या क्रियापदांशी झगडत असताना मला ती घरच्यासारखी वाटली होती. तसंच ‘आस्क’चं. विचारणं म्हणजे ‘स्पर्रे’ आणि मागणं किंवा विनंती करणं म्हणजे ‘बे’. मदत आपण विचारत नाही, मागतो. तेही मागतात.

पण मराठी सगळीकडे पुरत नाही. ‘पुट’ने मला हे शिकवलं.

फ्रिजच्या माहितीपुस्तिकेत ‘पुट’ पानोपानी असतो. बाटल्या दारात पुट करा, भाज्या खणात पुट करा, गरम अन्न आत पुट करू नका. मराठीत सगळीकडे ‘ठेवा’ म्हणून मोकळं होता येतं. नॉर्वेजियनमध्ये वस्तू कशी राहणार आहे ते आधी डोळ्यांसमोर आणावं लागतं. बाटली उभी राहते, म्हणून ‘सेत्ते’. काकड्या आडव्या पडतात, म्हणून ‘लेग्गे’. इथवर सोपं आहे. मग येते ताटली. टेबलावरची ताटली आपल्याला आडवी दिसते, पण नॉर्वेजियन माणसासाठी ती उभी असते. मी एकदा एका सहकारिणीला याचं कारण विचारलं. ती व्होस गावाजवळच्या शेतकरी घरातली, भाषेबद्दल विचारलं की हातातलं काम बाजूला ठेवणारी. तिने कॉफीच्या कपाखालची बशी उचलली, पालथी केली आणि बुडावरची कडा दाखवली. “ही बघ. हिला तळ आहे. ज्याला स्वतःचा तळ आहे ते उभं राहतं, मग उंची कितीही असो.” मग बशी तशीच पालथी टेबलावर ठेवून म्हणाली, “आता ही पडलेली आहे.” केक उभा, कारण त्याला बूड आहे. मटणाचा तुकडा पडलेला. पातेल्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलं की तेच मटण पातेल्याबरोबर उभं.

स्वयंपाकाच्या कृतीत याहून निराळा प्रकार. पाण्यात मीठ ‘पुट’ करायचं असेल तर सेत्ते नाही, लेग्गे नाही, ‘हा’. शब्दशः ‘जवळ असणं’ असा अर्थ असलेलं क्रियापद. इथे मराठी पुन्हा मदतीला येते, कारण आपणही मीठ ठेवत नाही, घालतो. मराठीतही खरं तर ‘पुट’ची भावंडं कमी नाहीत. पाट मांडतो, दिवा लावतो, कपडे वाळत घालतो, चहा टाकतो. फक्त आपली वाटणी हाताने काय केलं यावर चालते. त्यांची वाटणी वस्तू शेवटी कशी बसली यावर. हे लक्षात आल्यापासून मी अशा फाइली वाचताना प्रत्येक वस्तूचं बूड बघते.

आणि नुसतं ठेवण्यापुरतंच नाही, ठेवून झाल्यावरचं ‘इज’सुद्धा यातून सुटत नाही. फाइल फोल्डरमध्ये ‘पडलेली’ असते. स्क्रीनवर आलेला मजकूर ‘उभा’ असतो. पाटीवर काय लिहिलंय असं विचारायचं तर काय उभं आहे असं विचारतात. किल्ली कुलपात उभी असते, बर्गन शहर समुद्राकाठी पडलेलं असतं. एकाच स्क्रीनवरच्या तीन स्ट्रिंगमध्ये इंग्रजी ‘इज’ तीनदा येतो आणि नॉर्वेजियनमध्ये त्याची तीन क्रियापदं होतात. स्क्रीन न बघता हे कसं ठरवायचं? ठरवता येत नाही. म्हणून आम्ही चित्र मागतो, आणि ते मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा मागतो.

‘थिंक’ याहून खोल पाण्यात नेतो. बसप्रवासाबद्दलची एक प्रश्नावली होती. तुम्हाला चालक सौजन्यशील वाटतात का, उद्या बस वेळेवर येईल असं वाटतं का, तिकीट स्वस्त व्हावं असं वाटतं का. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘थिंक’, आणि मराठीतही बघा, तिन्ही ठिकाणी मी सहज ‘वाटतं’ लिहून गेले. इथे माझी मराठीची चाळणी काहीच अडवत नाही. नॉर्वेजियनमध्ये मात्र ही तीन निराळी कामं आहेत. स्वतः अनुभवून झालेलं मत म्हणजे ‘स्यूनेस’. ठाऊक नाही पण अंदाज आहे, विश्वास आहे, ते ‘त्रू’. आणि विचारपूर्वक घेतलेली भूमिका, जिच्या बाजूने माणूस वाद घालायला तयार आहे, ती ‘मेने’. पिक्चर बघून आलेला माणूस स्यूनेस म्हणतो. फक्त पोस्टर बघितलेला माणूस त्रू म्हणतो. पिक्चर न बघता स्यूनेस म्हणणाऱ्याकडे लोक चमकून बघतात.

त्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता: बसप्रवास सुरक्षित आहे असं तुम्हाला वाटतं का? माझा मसुदा वाचून सहकारी म्हणाली, “हे कुणाला विचारणार आहेत? बसने जाणाऱ्यांना की सगळ्यांना?” आम्ही गिऱ्हाइकाला लिहिलं. उत्तर आलं की दोन्ही गटांना. मग एकच प्रश्न पुरेना. बसने जाणाऱ्यांसाठी स्यूनेस आणि न जाणाऱ्यांसाठी त्रू अशी दोन रूपं करावी लागली. इंग्रजी प्रश्नावली बनवणाऱ्यांना हे आधी फाजील वाटलं. पण पुढे त्यांनीच कळवलं की दोन्ही गटांची उत्तरं वेगळी मोजायची होतीच. एक माणूस रोजच्या अनुभवावरून बोलतोय आणि दुसरा ऐकीव गोष्टींवरून, हा फरक नॉर्वेजियन भाषा वाक्याच्या क्रियापदातच मागून घेते. मला हा गुण फार मोलाचा वाटतो. मिरजेला फोनवर बोलताना ‘मला वाटतं’ म्हणताच आता माझं मन मागे विचारतं, बघितलंयस की ऐकलंयस?

‘वुड’बद्दल मात्र मी कितीही बोलू शकते. लाकडावर चालणाऱ्या एका शेगडीच्या, म्हणजे इथल्या घरांत थंडीत पेटवतात त्या बंद लोखंडी शेगडीच्या पुस्तिकेचं काम होतं. वाळलेलं वुड वापरा. रंगवलेलं वुड जाळू नका. वुडच्या जमिनीवर शेगडी बसवताना खाली पत्रा घाला. पहिलं म्हणजे ‘वे’, जाळण्यासाठी फोडून रचलेलं लाकूड. दुसरं आणि तिसरं म्हणजे ‘त्रे’, वस्तू बनवायचं लाकूड. या त्रेचा अर्थ झाडही होतो आणि तीन हा आकडाही. रान म्हणायचं असेल तर ‘स्कूग’. ‘वे’ वाचताक्षणी माझ्या मनात ‘सरपण’ येतं. आमच्या आजोळी सरपण आणि लाकूड या दोन वस्तू होत्या, त्यांची जागा वेगळी, त्यांचा हिशेब वेगळा, आणि कुणी सागाची फळी सरपणात टाकली असती तर आजीने घर डोक्यावर घेतलं असतं. नॉर्वेतही अगदी हेच. वे म्हणजे पाण्याचा अंश वीस टक्क्यांच्या खाली येईपर्यंत वाळवलेलं, रचलेलं, मोजलेलं धन.

या एका शब्दाने जगभर गमतीदार प्रवास केला आहे. बीटल्सचं ‘नॉर्वेजियन वुड’ हे गाणं १९६५ सालचं, ‘रबर सोल’ या अल्बममधलं. तेव्हा लंडनमध्ये पाइनच्या स्वस्त लाकडाने खोल्या सजवायची टूम होती, त्यावरून ते नाव आलं असं पॉल मॅकार्टनी यांनी सांगितलं आहे. म्हणजे हे वुड ‘त्रे’. जपानमध्ये मात्र गाण्याचं नाव नॉर्वेचं रान असं झालं, आणि हारुकी मुराकामी यांनी १९८७ साली त्याच नावाची कादंबरी लिहिली. तिच्या जपानी नावातला ‘मोरी’ म्हणजे रान. म्हणजे तिथे वुड ‘स्कूग’ झालं. मग २०११ साली लार्स मिटिंग यांचं सरपणावरचं पुस्तक नॉर्वेत आलं, झाड तोडण्यापासून फोडणं, रचणं, वाळवणं, जाळणं इथवर. त्याचं नाव ‘हेल वे’. शब्दशः अख्खं सरपण. पण नॉर्वेजियनमध्ये एखाद्याला ‘हेल वे’ म्हणतात तेव्हा तो माणूस खणखणीत नाणं आहे असं म्हणायचं असतं. २०१५ साली त्याचं इंग्रजी भाषांतर निघालं तेव्हा हा दुहेरी अर्थ नेता येणं शक्य नव्हतं. नाव दिलं गेलं ‘नॉर्वेजियन वुड’. एक श्लेष गेला, त्याच्या जागी गाण्याची आठवण देणारा दुसरा आला, आणि वुडचा तिसरा अर्थ, ‘वे’, त्या नावात जाऊन बसला. शीर्षकाच्या भाषांतराचा याहून देखणा नमुना मला माहीत नाही.

याच पुस्तकाच्या आधाराने नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये बारा तासांचा सरपणाचा कार्यक्रम दाखवला होता, त्यात कितीतरी तास नुसती जळती शेगडी. ओंडके रचताना साल वर हवी की खाली यावरून प्रेक्षकांत रण माजलं. बर्गनमध्ये आमच्या ऑफिसातही माजलं. मी साल वर ठेवणाऱ्यांच्या बाजूची आहे, कारण पाऊस.

असो. छोट्या शब्दांत आणखी एक जात आहे, ती व्याकरणाची. ‘न्यू’ हे बटण. मराठी वाचकाला हे सांगायला वेळ लागणार नाही: नवा, नवी, नवं. नॉर्वेजियनमध्येही विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं. संदेश नवा असेल तर ‘न्यू’, दस्तऐवज नपुंसकलिंगी म्हणून ‘न्युत्त’, अनेकवचन असेल तर ‘न्यूए’. प्रोग्रॅमर मात्र ‘न्यू’ ही एकच स्ट्रिंग लिहितो आणि पुढे जिथे जिथे लागेल तिथे तीच जोडतो. तिथे आम्ही प्रत्येक जागेसाठी वेगळी स्ट्रिंग मागतो. मिळाली नाही तर सहकारी वाक्यच असं फिरवतात की विशेषण लागू नये. ‘हिअर’चंही असंच आहे. इथे क्लिक करा यातला इथे म्हणजे ‘हॅर’, आणि फाइल इकडे ओढा यातला इकडे म्हणजे ‘हीत’. जागा आणि दिशा. आपण घाईत इथे-इकडे यांची सरमिसळ करतो आणि कुणी कान धरत नाही. नॉर्वेजियनमध्ये ओढायच्या जागी हॅर लिहिलेलं दिसलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं, हे बाहेरून आलेलं आहे.

‘यू’चं काम त्या मानाने लवकर संपतं, पण मला त्याची सवय व्हायला वेळ लागला. एकाला म्हणायचं तर ‘दू’, अनेकांना म्हणायचं तर ‘देरे’. आदराचं ‘दी’ कागदोपत्री आहे, पण १९७०च्या दशकापासून ते व्यवहारातून उठत गेलं. रुग्णालयाच्या पत्रातही ऐंशी वर्षांच्या माणसाला दू. माझ्या हाताला आजही तिथे ‘आपण’ लिहावंसं वाटतं. सहकारिणीने मला समजावलं की आज एखाद्या आजीबाईंना दी लिहिलं तर त्यांना मान मिळाल्यासारखं वाटणार नाही, कुणीतरी आपल्याला परकं धरलंय असं वाटेल.

रुग्णालयाच्या मजकुराकडे मी सगळ्यात जास्त लक्ष देते. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, पण युरोपीय आर्थिक क्षेत्रात १९९४ पासून आहे. त्यामुळे युरोपात मध्यवर्ती मंजुरी मिळालेल्या औषधांची माहितीपत्रकं नॉर्वेजियनमध्येही निघतात. त्यांचा साचा ठरलेला असतो आणि त्यात छोट्या शब्दांचा निकाल बराचसा लागलेला असतो. ‘ड्रग’ म्हणजे औषध असेल तर ‘लेगेमिद्देल’, नशेचा पदार्थ असेल तर ‘नार्कूतिका’. तुमच्या डॉक्टरला किंवा फार्मासिस्टला विचारा, हे इंग्रजी वाक्य तिथे ‘डॉक्टरला किंवा औषधाच्या दुकानात विचारा’ असं होतं. माणसाच्या जागी दुकान येतं आणि ‘तुमच्या’ गळून पडतो. गोळी म्हणजे ‘ताब्लेत’. हातात धरायचा टॅब्लेट मात्र ‘नेत्तब्रेत्त’, म्हणजे नेटची थाळी. या दोघांना इंग्रजीने एकाच नावात कोंबलंय, नॉर्वेजियनने त्यांना वेळीच वेगळं केलं.

साच्याबाहेरच्या मजकुरात खरी काळजी असते. बाळंतिणींसाठीची एक पुस्तिका आली होती. तिच्यात ‘डिस्चार्ज’ हा शब्द भरलेला. काही ठिकाणी त्याचा अर्थ घरी सोडणं, म्हणजे ‘ऊतस्क्रीवनिंग’. काही ठिकाणी अंगावरून जाणं. त्यातही बाळंतपणानंतर जे जातं त्याला ‘रेन्सेल्से’ म्हणतात, शब्दाचा मूळ अर्थ शुद्धी, आणि एरवीच्या पांढऱ्या जाण्याला ‘ऊतफ्लूद’. एका ओळीत लिहिलं होतं की डिस्चार्जनंतर डिस्चार्ज वाढला तर फोन करा. मराठीतही आपण दवाखान्यातून ‘डिस्चार्ज’ घेतो आणि डॉक्टरीणबाईंना अंगावरून जातंय असं सांगतो, तेव्हा दोन अर्थ मला आपोआप दिसले. तिसरा, रेन्सेल्सेचा, मला आमच्या सहकारिणीच्या आईने सांगितला. त्या सुईण होत्या. त्यांनी अख्खी पुस्तिका वाचली आणि एकेका ठिकाणी पेन्सिलीने खुणा करून दिल्या. पहाटे तीनला एकटी जागी असलेली पहिलटकरीण ते पान उघडते तेव्हा तिला शब्दावर अडायला होता कामा नये. या कामात मला जे काही पवित्र वाटतं ते एवढंच आहे.

हे सगळं दोनदा करावं लागतं, कारण लिखित नॉर्वेजियन दोन आहेत. बूकमोल बहुसंख्यांची, डॅनिश लिखाणातून उतरलेली. न्यूनॉर्श्क ही इवार ओसेन यांनी गावोगाव हिंडून, बोलींमधून उभी केली. त्यांचं व्याकरण १८४८ साली आणि कोश १८५० साली निघाला. १८८५ साली संसदेने दोन्हींना समान दर्जा दिला. शाळेची पाठ्यपुस्तकं दोन्हींत एकाच वेळी, एकाच किमतीत मिळायला हवीत असा कायदा आहे, आणि २०२२ पासून लागू झालेल्या भाषा कायद्याने सरकारी मजकुरावरची जबाबदारी आणखी स्पष्ट केली. व्होसची आमची सहकारी न्यूनॉर्श्कवाली. तिच्या हाताखाली बूकमोलमध्ये सुटलेलं कोडं पुन्हा उघडतं. ‘नॉट फाउंड’ ही साधी सूचना घ्या. बूकमोलमध्ये ‘इक्के फुन्ने’ म्हणून भागतं. न्यूनॉर्श्कमध्ये काय सापडलं नाही त्याच्या लिंगाप्रमाणे धातुसाधित बदलू शकतं, म्हणजे न सापडलेल्या गोष्टीचं लिंग आधी सापडायला हवं. ती तिथे रूपच पालटते: ‘फान इक्ये’, शोधलं पण मिळालं नाही. कोकणीतून, वऱ्हाडीतून, अहिराणीतून लिहिणाऱ्यांची जिद्द ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचा आग्रह परका वाटणार नाही.

अलीकडे मसुदे यंत्राकडून तयार होऊन येतात. अवघड शब्द त्यात बहुधा बरोबर असतात. लांब वाक्यंही चांगली उतरतात, कारण वाक्यातच संदर्भ असतो. एकशब्दी स्ट्रिंगपाशी यंत्राकडेही माझ्याइतकीच माहिती असते, म्हणजे काहीच नाही; फरक इतकाच की ते विचारत नाही. म्हणून माझी प्रश्नांची यादी कमी झालेली नाही. तिच्यात आता उलट जास्त नेमके प्रश्न असतात.

या आठवड्याच्या यादीतला पहिला प्रश्न ‘ओपन’चा होता. शहरातल्या दुकानांचा नकाशा दाखवणारं अ‍ॅप, एकच स्ट्रिंग, टीप नाही. दुकान चालू आहे असं सांगायचं तर ‘ओपेन्त’. दुकान हा शब्द नॉर्वेजियनमध्ये पुल्लिंगी असला तरी दारावरच्या पाटीवर हे नपुंसकलिंगी रूपच लिहितात. दाबून माहिती उघडायची तर ‘ओप्ने’. मी विचारलं, ही स्थिती आहे की आज्ञा? प्रोग्रॅमरने दोन चित्रं पाठवली आणि लिहिलं की हिरव्या टिकलीशेजारी येतो तो स्थिती सांगतो, राखाडी बटणावर येतो तो आज्ञा, आणि आजवर दोन्हीकडे एकच स्ट्रिंग वापरली जात होती. त्याने ती दुपारपर्यंत फोडून दोन केल्या, दोन्हींना टीप जोडली आणि विचारलं की पोलिश आणि फिनिश भाषांतरकारांनाही हे कळवू का. मी हो म्हटलं, आणि यादीतला पुढचा शब्द घेतला: ‘क्लिअर’, हवामानाच्या चौकटीशेजारी, बहुधा आकाशाबद्दल, पण शेजारी केराच्या टोपलीचं चिन्हही आहे.